पेशींचा अंतर्व्यापार

लग्नाच्या पंगतींतून उठलेला मनुष्य हात धुतो, विडा तोंडांत टाकतो आणि लोडाला टेकून स्वस्थ बसतो. त्याच्या दृष्टीनें जेवणाचें काम आटोपलेलें असतें. त्याच्या शरीरांत मात्र खऱ्या कामास त्याच वेळीं आरंभ होतो. जिलबी, भात, पुरी यांचें आंतड्यांत विघटन होऊन त्यांतून निघालेली साखर रक्तांत उतरूं लागते. निरोगी मनुष्याच्या सर्व रक्तांत मिळून उपाशीपोटीं अवघी चार-पांच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्यांत मावेल एवढीच साखर असते, ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटणार नाहीं. एका भरगच्च जेवणांतून येणारी साखर याच्या कित्येक पट असते. आणि तरीहि दोन-तीन तासांनीं रक्त तपासलें, तर साखरेचें प्रमाण पूर्वपदाच्या जवळ आलेलें आढळतें. हा हिशेब इतक्या चोखपणें कोण ठेवतें? जेवणाऱ्यास तर त्याची वार्ताहि नसते. जठराच्या मागें आडव्या पसरलेल्या स्वादुपिंड नांवाच्या ग्रंथींत कांहीं सूक्ष्म पेशी आहेत. हें काम मुख्यतः त्यांचें. त्या पेशींच्या अंतरंगांत शिरून पाहिलें, म्हणजे सजीव पेशी ही काय चीज आहे आणि तिच्यांत अहोरात्र केवढी लगबग चाललेली असते, याची थोडीबहुत कल्पना येते.

पेशीचें प्रथमदर्शन मनुष्यास झालें, तें मृतावस्थेंत. इंग्लंडांत रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, तेव्हां त्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं रिकामीं घरें दिसलीं. १६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्यांना कोठडी या अर्थाचें नांव दिलें. बूच म्हणजे झाडाची निर्जीव झालेली साल. तिच्यांतील रहिवासी केव्हांच निघून गेलेले होते आणि हुकनें पाहिल्या त्या नुसत्या भिंती. पुढें १८३८-३९ च्या सुमारास श्लायडेन व श्वान या जर्मन पंडितांनीं वनस्पति व प्राणी या दोहोंचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं आहेत, असा सिद्धांत मांडला. मानवी शरीरांत अशा सुमारें ३० लाख कोटि पेशी असाव्या, असा आजचा अंदाज आहे. इमारत जशी विटांची, तसें शरीर पेशींचें, हा दृष्टांत शाळेंतील पुस्तकांतून रूढ झाला आहे. समजण्यास तो सोपा आहे. पण वीट एकदां भिंतींत बसली कीं तिचें कर्तव्य संपतें. पेशीचें तसें नाहीं.

ही गोष्ट प्रयोगानें दाखवून देण्याचा मान मुख्यतः रुडॉल्फ शोएनहायमर यांस आहे. जर्मनींतून अमेरिकेंत आलेल्या या रसायनशास्त्रज्ञानें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९३० नंतरच्या दशकांत एक युक्ति योजिली. शरीरांतील प्रथिनें हीं अमायनो आम्लें नांवाच्या लहान घटकांचीं बनलेलीं असतात. या घटकांत नेहमींच्या नायट्रोजनाऐवजीं त्याचाच किंचित् जड प्रकार घालून, म्हणजे त्यांवर जणूं खूण करून, ते त्यानें पूर्ण वाढलेल्या उंदरांस खाऊं घातले. उंदरांचें वजन वाढत नव्हतें. शरीर ही बांधून झालेली इमारत असेल, तर हें नवें सामान तिला अनावश्यक ठरून बाहेर टाकलें जावें, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत त्याचा निम्म्याहून अधिक भाग उंदरांच्या शरीरांतील प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. तेवढेंच जुनें द्रव्य निघून गेलें होतें. देवळांतील नंदादीपाची ज्योत दुरून स्थिर दिसते; परंतु तिच्यांतील तेल क्षणोक्षणीं जळत असतें व नवें तेल वर चढत असतें. सजीव शरीराचें स्थैर्य या जातीचें आहे. तें राखण्यासाठीं पेशीला काय काय करावें लागतें, हें स्वादुपिंडांतील एका पेशीवरून चांगलें पाहतां येतें.

बर्लिन येथें वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पाउल लांगरहान्स यानें १८६९ सालीं स्वादुपिंडाचें सूक्ष्म निरीक्षण केलें. या ग्रंथीचा बहुतेक भाग पाचक रस तयार करण्यांत गुंतलेला असतो. त्या भागांत समुद्रांतील बेटांप्रमाणें विखुरलेले फिकट पुंजके त्यास दिसले. त्यांचें प्रयोजन काय, हें मात्र त्यास सांगतां आलें नाहीं. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्या कुत्र्यास मधुमेह जडला. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडापासून रक्तांतील साखर उतरविणारा अर्क मिळविला. जेम्स कॉलिप यांनीं तो शुद्ध केला. आणि जानेवारी १९२२ मध्यें मधुमेहानें खंगत चाललेल्या एका १४ वर्षांच्या मुलास तो टोंचण्यांत आला. तोंपर्यंत अशा मुलांस अर्धपोटीं ठेवून मरण कांहीं काळ लांबविणें, एवढेंच वैद्यांच्या हातीं असे. हा मुलगा पुढें १३ वर्षें जगला. बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्या द्रव्यास इन्सुलिन हें नांव मिळालें. स्वादुपिंडांत अशीं सुमारें १० लाख बेटें असतात आणि त्यांतील बीटा नांवाच्या पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीरांतील साऱ्या बीटा पेशी एकत्र करून तोलल्या, तरी त्यांचें वजन सुमारें एक ग्रॅमच भरेल.

इन्सुलिन हें एक प्रथिन आहे. केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनीं १९५५ पर्यंत त्याची संपूर्ण रचना उलगडली. एखाद्या प्रथिनांतील सर्व घटकांचा क्रम कळण्याची ती पहिलीच वेळ होती. २१ व ३० मण्यांच्या दोन माळा एकमेकींस जोडाव्या, तसें हें ५१ अमायनो आम्लांचें प्रथिन असतें. मण्यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो क्रम पेशीच्या केंद्रकांत, डीएनए या द्रव्याच्या लांबच लांब धाग्यांवर, लिहून ठेवलेला असतो. एका पेशींतील हे धागे सरळ करून एकापुढें एक मांडले, तर सुमारें दोन मीटर भरतील. आणि ज्या पेशींत ते राहतात, तशा पाऊणशें पेशी एका मिलिमीटरांत ओळीनें बसतात! इन्सुलिनचा मजकूर अकराव्या रंगसूत्रावर आहे. तोच मजकूर त्वचेच्या व डोळ्याच्या पेशींतहि असतो; पण तेथें तें पान मिटलेलें असतें. बीटा पेशींत तें उघडें राहतें.

मूळ पोथी केंद्रकाबाहेर कधीं नेली जात नाहीं. हव्या त्या पानाची आरएनए या द्रव्यांत नक्कल उतरविली जाते व ती बाहेर पाठविली जाते. बाहेर रायबोसोम नांवाचे कण ती वाचतात. तीन अक्षरांचा एक शब्द वाचावयाचा, त्या शब्दानें सांगितलेलें अमायनो आम्ल उचलावयाचें आणि अगोदरच्या साखळीस जोडावयाचें, असें हें काम दर सेकंदास पांच-सहा मण्यांच्या वेगानें चालतें. एकाच नकलेवर अनेक रायबोसोम एकामागून एक चालत असतात. त्यामुळें एक साखळी पुरी होते न होते, तों दुसऱ्या कित्येक साखळ्या अर्ध्यावर आलेल्या असतात. रक्तांतील साखर वाढली कीं हें वाचन कित्येक पटींनीं जोरांत चालूं लागतें.

रायबोसोमानें विणलेली साखळी म्हणजे मात्र इन्सुलिन नव्हे. तिच्यांत ५१ नव्हे, तर ११० मणी असतात. त्यांपैकीं पहिले २४ मणी हा केवळ पत्ता असतो. पेशीच्या आंत पातळ पडद्यांच्या घड्यांचें एक चक्रव्यूहासारखें दालन असतें. तेथें ही साखळी न्यावयाची आहे, असा त्या पत्त्याचा अर्थ. साखळी दालनांत शिरली कीं पत्ता कापून टाकला जातो. प्रथिनांच्या अंगीं असा पत्ता असतो, हें दाखविल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उरलेली ८६ मण्यांची साखळी दालनांत घड्या घालून योग्य आकारांत बसविली जाते आणि तीन ठिकाणीं गंधकाच्या सांध्यांनीं पक्की केली जाते. या कामीं मदत करणारीं दुसरीं प्रथिनें तेथें हजर असतात. जी साखळी नीट वळत नाहीं, तिला दालनाबाहेर ओढून काढून तिचे तुकडे करण्यांत येतात व ते तुकडे पुन्हां नव्या कामास लावले जातात. सदोष माल पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं, असा तेथला सक्त नियम आहे.

तेथून ही साखळी दुसऱ्या दालनांत जाते. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांनीं १८९८ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून तें त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. येथें मालाची वर्गवारी होऊन तो पातळ पडद्याच्या पुड्यांत बांधला जातो. पुडी बांधल्यावर तिच्या आंत साखळीची शेवटची कापणी होते. मधला ३१ मण्यांचा तुकडा व सांध्यांवरील चार मणी वेगळे निघतात आणि दोन माळांचें इन्सुलिन सिद्ध होतें. ही अखंड साखळी १९६७ सालीं शिकागो येथें डोनल्ड स्टाइनर यांनीं शोधून काढली. जो तुकडा शेवटीं काढूनच टाकावयाचा, तो मुळांत घातला कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. दगडी कमान बांधतांना गवंडी खालीं लांकडी आधार देतो आणि कमान पक्की झाल्यावर तो काढून घेतो. मधल्या तुकड्याचें कार्य तसेंच आहे. त्याच्या योगानें दोन्ही माळा योग्य जागीं समोरासमोर येतात. सी-पेप्टाइड नांवाचा हा तुकडा इन्सुलिनबरोबर रक्तांत उतरतो. बाहेरून टोंचलेल्या इन्सुलिनांत तो नसतो. म्हणून रोग्याच्या रक्तांत तो किती आहे हें मोजून, त्याच्या स्वतःच्या पेशी अद्याप काम करीत आहेत कीं नाहीं, तें वैद्यांना ठरवितां येतें.

डोळ्यांस न दिसणाऱ्या या दालनांतून माल कोणत्या क्रमानें जातो, हें कळलें कसें? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत जॉर्ज पलाडे व जेम्स जेमिसन यांनीं १९६७ च्या सुमारास गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप घेऊन, त्यांतील पाचक रस करणाऱ्या पेशींना कांहीं मिनिटेंच किरणोत्सर्गी अमायनो आम्ल पुरविलें आणि लगेच साधें अमायनो आम्ल देण्यास सुरुवात केली. त्या थोड्या मिनिटांत तयार झालेल्या प्रथिनांवर खूण राहिली. मग ठराविक वेळानें एकेक काप घेऊन, ती खूण कोठें पोंचली आहे, हें त्यांनीं विद्युत्कणांच्या सूक्ष्मदर्शकानें टिपलें. प्रथम ती घड्यांच्या दालनांत होती, नंतर गॉल्जीच्या दालनांत आणि शेवटीं पुड्यांत. पत्रावर गांवोगांवचे टपालाचे शिक्के असावे आणि त्यांवरून त्याचा प्रवास कळावा, तसेंच हें झालें. पलाडे यांना १९७४ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. बीटा पेशींतहि माल याच वाटेनें जातो.

भरलेली पुडी मिलिमीटराच्या सुमारें तीन-दशसहस्रांश आकाराची असते आणि एका बीटा पेशींत अशा जवळजवळ १० हजार पुड्या सांठविलेल्या असतात. प्रत्येक पुडींत इन्सुलिनचे सहा-सहा रेणु जस्ताभोंवतीं गोळा होऊन त्यांचे स्फटिक बनलेले असतात. पेशीच्या आंतील द्रव म्हणजे निवळ पाणी नव्हे. यात्रेच्या दिवशीं देवळाच्या आवारांत असावी, तशी प्रथिनांची तेथें खेंचाखेंच असते. या गर्दींतून पुडी आपोआप वाहत जाईल, हें संभवत नाहीं. तिला वाहून नेण्यासाठीं पेशींत सूक्ष्म नळ्यांचे मार्ग आंखलेले असतात आणि त्यांवरून कायनेसिन नांवाचें प्रथिन पाठीवर ओझें घेऊन चालतें. माकूल जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूंत या हमालाचा प्रथम शोध लागला, तो १९८५ सालीं. त्यास पायांसारखे दोन अवयव असतात व तो तीं आळीपाळीनें पुढें टाकतो. त्याचें पाऊल इतकें लहान असतें, कीं एक मिलिमीटर अंतर तोडण्यास त्यास सव्वा लाख पावलें टाकावीं लागतील. प्रत्येक पावलास त्यास मजुरी द्यावी लागते, आणि ती मजुरी म्हणजे एटीपी या द्रव्याचा एक रेणु.

एटीपी हें पेशीच्या साऱ्या व्यवहारांतील चलनी नाणें आहे. मण्यास मणी जोडणें, साखळीस वळण देणें, पुडी वाहून नेणें, सदोष माल मोडणें या सर्वांस हेंच नाणें लागतें. तें पाडण्याची मुख्य टांकसाळ म्हणजे मायटोकॉन्ड्रिया हे लांबट कण. अन्नाच्या ज्वलनांतून मिळालेल्या शक्तीनें या कणांच्या पडद्यांतील अतिसूक्ष्म चक्रें खरोखरीच फिरतात. सेकंदास शंभराहून अधिक फेरे घेण्याची त्यांची क्षमता आहे आणि एका फेऱ्यांत तीन नाणीं पडतात. या यंत्राची उकल केल्याबद्दल पॉल बॉयर व जॉन वॉकर यांना १९९७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. शरीरांत कोणत्याहि एका क्षणीं एटीपीचा सांठा फार थोडा असतो. पण एका दिवसांत मोडलेल्या आणि पुन्हां जोडलेल्या एटीपीची बेरीज केली, तर ती त्या मनुष्याच्या स्वतःच्या वजनाच्या घरांत जाते.

आतां पुड्या पेशीच्या कडेशीं येऊन उभ्या आहेत. रक्तांतील साखर वाढली, हें त्यांना कळवावयाचें कोणी? बीटा पेशीनें यासाठीं वेगळा निरोप्या ठेवलेला नाहीं; इंधन हाच निरोप. रक्तांत साखर अधिक झाली, कीं ती पेशींतहि अधिक शिरते. ती जळाली कीं एटीपी वाढतें. पेशीच्या आवरणांत पोटॅशियमला बाहेर जाऊं देणारीं दारें असतात. एटीपी त्या दारांस चिकटून तीं बंद करतें. पोटॅशियम बाहेर जाईनासें झालें, म्हणजे आवरणावरील विजेचा दाब बदलतो आणि त्या बदलामुळें कॅल्शियमचीं दारें उघडतात. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पट असतें. तें धरणाचें दार उघडावें तसें आंत लोटतें आणि कडेस टेकलेल्या पुड्यांचे पडदे आवरणाशीं एकरूप होऊन इन्सुलिन रक्तांत सांडतें. प्रथम कडेच्या पुड्या जातात. त्यांची जागा घेण्यास मागच्या पुढें सरकतात. म्हणून इन्सुलिनचा पहिला लोट पांच-दहा मिनिटांत येतो आणि मग मंद धार कितीतरी वेळ चालूं राहते. साखर उतरली कीं एटीपी घटतें, पोटॅशियमचीं दारें पुन्हां उघडतात आणि पुरवठा थांबतो. रक्तांत मिसळलेलें इन्सुलिनहि कांहीं मिनिटांतच नष्ट होतें. त्यामुळें कालची आज्ञा आज चालूं राहण्याचा धोका नसतो.

ज्या पुड्यांची पाळी येत नाहीं, त्यांचें काय होतें? नवा माल प्रथम बाहेर जातो आणि जुन्या पडून राहिलेल्या पुड्या कांहीं दिवसांनीं पेशीच्या आंतच मोडल्या जातात. हें काम लायसोसोम नांवाच्या, पाचक द्रव्यांनीं भरलेल्या पिशव्या करतात. बेल्जियममध्यें क्रिस्तियान द द्यूव हे यकृतावर होणारी इन्सुलिनची क्रिया शोधीत होते; तें करतां करतां १९५५ सालीं त्यांस या पिशव्यांचा सुगावा लागला. पेशी आपलेच जीर्ण भाग कसे गिळते व त्यांचें नवें कसें करते, याच्या संशोधनासाठीं जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रौढ वयांत नव्या बीटा पेशी फारशा निर्माण होत नाहींत. त्याच त्या पेशी वर्षानुवर्षें राहतात. परंतु त्यांच्या आंतील सामान मात्र सदैव मोडत व घडत असतें. शोएनहायमर यांनीं उंदरांच्या साऱ्या देहांत जें पाहिलें, तेंच येथें एका पेशीच्या चार भिंतींत घडतांना दिसतें.

इतक्या कड्यांची ही साखळी. तिची कोणतीहि कडी निखळली, तरी बाहेर दिसणारें लक्षण एकच, रक्तांत साखर वाढणें. परंतु कोणती कडी निखळली, यावर उपाय अवलंबून असतो. मधुमेहाच्या एका प्रकारांत शरीराचें संरक्षक दळच चुकून बीटा पेशींवर तुटून पडतें व त्यांचा नाश करतें. तेथें कारखानाच उरत नाहीं, म्हणून बाहेरून इन्सुलिन देण्यावांचून गत्यंतर नसतें. दुसऱ्या आणि फार मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या प्रकारांत स्नायु, यकृत व चरबी यांच्या पेशी इन्सुलिनची आज्ञा पूर्वीप्रमाणें मानीनाशा होतात. मग तेंच काम करून घेण्यासाठीं बीटा पेशींना अधिकाधिक इन्सुलिन करावें लागतें. घडीच्या दालनावर ताण पडतो, नीट न वळलेल्या साखळ्या सांचूं लागतात आणि वर्षानुवर्षांच्या अतिश्रमानें पेशी थकतात.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशीं जवळचा संबंध आहे. पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथील बालकांचें जन्मवेळचें वजन सरासरी ३.५ किलो असतांना या खेड्यांतील बालकांचें २.७ किलो होतें. तीं दिसण्यांत कृश होतीं. परंतु त्यांचे स्नायु जितके कमी होते, तितकी त्वचेखालील चरबी कमी नव्हती. गर्भांत टंचाई सोसलेल्या अशा शरीरावर पुढें सुबत्तेचा भार पडला, म्हणजे मधुमेहाचा धोका वाढतो, असें या संशोधकांचें प्रतिपादन आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें भारतांतील मधुमेह्यांची संख्या १०.१ कोटि ठरविली. स्वतःला सडपातळ समजणाऱ्या मनुष्यानेंहि निर्धास्त राहूं नये, एवढा बोध यांतून घेण्यासारखा आहे. थोडें चालणें, थोडे श्रम यांनीं स्नायूंच्या पेशी इन्सुलिनची आज्ञा पुन्हां अधिक तत्परतेनें मानूं लागतात आणि त्या एक ग्रॅमभर पेशींचें ओझें हलकें होतें.

कडी नेमकी ओळखल्यानें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण तान्ह्या मुलांच्या मधुमेहांत सांपडतें. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मधुमेह जडलेलीं मुलें क्वचितच आढळतात. त्यांचा रोग पहिल्याच प्रकारचा समजून त्यांना जन्मभर इन्सुलिन टोंचण्यांत येई. २००४ सालीं इंग्लंडांतील एक्सेटर येथील अँड्र्यू हॅटर्सली, ॲना ग्लॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं यांपैकीं अनेक मुलांच्या पेशींचा नाश झालेलाच नसतो. नक्कल, साखळी, घडी, कापणी, पुडी हें सारें व्यवस्थित चाललेलें असतें. दोष असतो तो त्या एका पोटॅशियमच्या दारांत. एटीपी कितीहि आलें तरी तें दार बंद होत नाहीं. माल भरून उभा आहे, पण सुटण्याची आज्ञाच निघत नाहीं, अशी ही अवस्था. सल्फोनिलयुरिया या वर्गांतील गोळ्या मधुमेहावर १९५० नंतरच्या दशकापासून वापरांत होत्या आणि त्या नेमकें हेंच दार परभारें बंद करतात, हें तोंपर्यंत कळलेलें होतें. २००६ सालीं या दोषाच्या ४९ रोग्यांना त्या गोळ्या देऊन पाहिल्याचें प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं ४४ जणांचें इन्सुलिन टोंचणें पूर्णपणें थांबवितां आलें. त्यांत वर्षानुवर्षें सुया टोंचून घेतलेले मोठे रोगीहि होते.

याच्या उलट २००७ सालीं दुसऱ्या कांहीं तान्ह्या मुलांत इन्सुलिनच्या मजकुरांतच चूक असल्याचें आढळलें. त्यांची साखळी नीट वळत नाहीं, ती घडीच्या दालनांत तुंबते आणि त्या तुंबण्यानें पेशी मरतात. दार बंद करणाऱ्या गोळीचा तेथें उपयोग होत नाहीं. त्यांना इन्सुलिनच द्यावें लागतें. पाळण्यांतील दोन मुलें, दोघांच्या रक्तांत साखर तेवढीच. पण एकास गोळी पुरते आणि दुसऱ्यास सुई लागते. हा भेद वरून पाहून कोणाहि निष्णात वैद्यास सांगतां येणार नाहीं. म्हणून सहा महिन्यांच्या आंत मधुमेह जडलेल्या प्रत्येक मुलाची आनुवंशिक तपासणी करावी, असा आतां वैद्यकाचा दंडक आहे. आणि ज्या घरांत असें मूल असेल, त्या घरानें त्या तपासणीविषयीं अवश्य विचारावें.

हुकला दिसलेल्या रिकाम्या कोठड्यांपासून येथपर्यंत येण्यास साडेतीनशें वर्षें लागलीं. त्या अवधींत पेशीसंबंधींची कल्पना पार पालटून गेली. पेशी ही विटेसारखी पडून राहणारी वस्तु नव्हे. तिच्यांत चाललेलें वाचन, विणकाम, वाहतूक, मोडतोड आणि दुरुस्ती यांची अखंड परंपरा, हेंच तिचें जीवन. तें काम चालू आहे तोंपर्यंत मनुष्यास त्याची जाणीवहि होत नाहीं. निरोगीपणा म्हणतात तो हाच. तें कोठें अडलें, तर अडलें कोठें, हें अचूक शोधणें येथून वैद्यकाचा आरंभ होतो.